वंगणाची पारख : बैलगाडीच्या नळ्यापासून सीलबंद डब्यापर्यंत

मराठीत ‘वंगण’ हा शब्द आज शिवणयंत्राच्या थेंबभर तेलापासून ट्रकच्या इंजिनातील दहा-पंधरा लिटर तेलापर्यंत सगळ्यांना लागू पडत असला, तरी त्याचे मूळ घर बैलगाडीचे चाक हे होय. आखाभोवती फिरणारा चाकाचा लाकडी तुंबा कोरडा राहिला की तो कुरकुरतो, तापतो आणि शेवटी झिजून सैल होतो. म्हणून लांबच्या वाटेवर निघणारा गाडीवान गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा भरून घेतल्याशिवाय बैल जुंपत नसे. या नळ्यात एरंडेल किंवा करंजाचे तेल असे आणि ते आखावरून ओघळून जाऊ नये म्हणून काही ठिकाणी त्यात काजळी खलून ते दाट केले जाई. त्या काळ्या, चिकट द्रव्याची पारख करायला बोट आणि कान एवढी दोनच साधने लागत : दोन बोटांत धरून ताणले असता त्याची तार निघते की नाही हे बोट सांगे, आणि चाक बोलू लागले की वंगण संपले किंवा वाईट निघाले हे कान सांगे. स्वस्त वंगण कोणते, हा प्रश्न तेव्हाही होता; पण त्याचे उत्तर विकत घेणाऱ्याच्या स्वतःच्या हातात होते, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांचा वंगणाचा इतिहास हा मुख्यतः हे उत्तर त्याच्या हातातून कसे निसटत गेले याचा इतिहास आहे.

एरंड हे दख्खनमध्ये बहुधा बांधावरचे पीक. उसाच्या किंवा हळदीच्या रानाभोवती त्याची ओळ लावली जाई, बिया घरीच भाजून, कुटून आणि पाण्यात उकळून वर आलेले तेल काढून घेतले जाई, आणि त्यातले काही दिव्याला, काही औषधाला व उरलेले गाडीला जाई. इतर तेले तेल्याच्या घाण्यातून येत. कोकणातील बेने इस्रायली समाजाला शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या त्यांच्या धर्मनियमामुळे ‘शनवार तेली’ हे नाव पडले होते, यावरून हा व्यवसाय किती निरनिराळ्या समाजांच्या हाती होता याची कल्पना येते. महत्त्वाची गोष्ट अशी की तेल काढणारा, विकणारा आणि वापरणारा हे तिघे एकाच गावात किंवा एकाच आठवडे बाजाराच्या परिसरात राहत असल्यामुळे भेसळ लपवणे अवघड होते. खराब तेलाची बातमी चाकाच्या कुरकुरीइतकीच लवकर पसरे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि त्यानंतरच्या काही दशकांत गिरण्यांच्या चात्या व रेल्वेच्या डब्यांचे आख यांनी वंगणाची मागणी गावाच्या मापाबाहेर नेली. त्या काळात भारतीय रेल्वेने एरंडेल दिव्यांसाठी आणि वंगणासाठी अशा दोन्ही कामांना मोठ्या प्रमाणावर वापरले, कारण ते येथेच पिकत होते आणि त्याचा दाटपणा उष्ण हवेतही बऱ्यापैकी टिकत असे. या तेलातील मुख्य मेदाम्ल असलेल्या रिसिनोलेइक आम्लाच्या रेणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एक जादा जोडी चिकटलेली असते. या जोडीमुळे हे तेल इतर वनस्पती तेलांपेक्षा पुष्कळ दाट होते, धातूला घट्ट बिलगते आणि, पुढे फार मोलाचे ठरलेले वैशिष्ट्य म्हणजे, पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही.

पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांना फिरत्या सिलिंडरांची इंजिने होती. त्यांत मधला दांडा स्थिर राहून सिलिंडरच त्याच्याभोवती गरगर फिरत आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण दांड्याभोवतीच्या पेटीतून सिलिंडरात जाई. खनिज तेल या वाटेत पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होत असल्यामुळे तेथे एरंडेलाला पर्याय नव्हता, आणि म्हणून ज्या बियांपासून दख्खनचा शेतकरी गाडीचे वंगण काढत होता, त्याच बियांना युरोपातील लढाऊ विमानांच्या गरजेमुळे एकाएकी लष्करी महत्त्व आले. चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज व्यापाऱ्याने १८९९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९०९ मध्ये मोटारी व विमानांसाठी जे तेल काढले, त्यात काही अंश एरंडेलाचा होता आणि ‘कॅस्टर’ व ‘ऑइल’ या दोन शब्दांच्या जोडातून त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रातल्या कित्येक गॅरेजांच्या पाटीवर दिसणाऱ्या या नावात बांधावरचा एरंड दडलेला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. एरंडेलाचा दोष मात्र गंभीर होता : इंजिनाच्या उष्णतेत हवेशी संयोग होऊन ते डिंकासारखे घट्ट होई आणि पिस्टनवर बसलेला त्याचा थर खरवडून काढण्यासाठी इंजिन वारंवार उघडावे लागे, त्यामुळे जे तेल विमानाला परवडले ते रोज धावणाऱ्या मोटारीला परवडणारे नव्हते.

त्याची जागा घेणारे खनिज तेल स्वस्त होते, याचे कारण सुरुवातीला ते कोणाला फारसे नकोच होते. एकोणिसाव्या शतकातील तेलधंद्याचे मुख्य उत्पादन रॉकेल होते; कच्चे तेल तापवून रॉकेल वेगळे काढल्यावर तळाशी जो जड गाळ उरे त्याचे काय करायचे, हा कारखानदारांपुढचा प्रश्न होता. अमेरिकेत रॉचेस्टर येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीने निर्वात भांड्यात, म्हणजे हवेचा दाब कमी करून आणि त्यामुळे कमी तापमानात, ऊर्ध्वपातन करण्याची रीत वापरली. त्यामुळे जड तेल करपत नसे आणि वाफेच्या इंजिनाला चालेल असे वंगण त्यातून मिळे. वेकफील्ड हाही आधी याच कंपनीत नोकरीला होता. भारतात आसाममधील दिगबोई येथे १८८९ मध्ये तेल लागले आणि १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तरी मोटारीसाठी लागणारी वंगणे पुढची कित्येक दशके मुख्यतः परदेशी कंपन्यांकडून डब्यांत आणि पिंपांत भरून मुंबई-कलकत्त्याच्या गोदीत उतरत राहिली.

मोटार आली तेव्हा तेलाची निवड अगदी ढोबळ होती. ‘हलके’, ‘मध्यम’ आणि ‘जड’ एवढेच प्रकार होते आणि एका कंपनीचे मध्यम तेल दुसरीच्या जड तेलाइतके दाट असू शके. जुन्या मोटारसायकलींत तर तेल एकदाच वापरून संपे : स्वार मधूनमधून हातपंप दाबून इंजिनात थोडे तेल सोडी आणि ते काम करून जळून किंवा गळून जाई. या ‘वाया जाणाऱ्या’ पद्धतीत तेलाच्या टिकाऊपणाला महत्त्व नव्हते, फक्त भावाला होते. तेल इंजिनातच खाली साठवून पंपाने पुन्हा पुन्हा फिरवण्याची पद्धत रूढ झाली आणि १९२३ मध्ये अमेरिकेत ‘प्युरोलेटर’ नावाने मोटारीसाठी तेलाची गाळणी निघाली, तेव्हा एकच तेल शेकडो मैल टिकावे ही अपेक्षा जन्माला आली. लिटरच्या भावापेक्षा मैलाचा भाव मोजावा, हा विचार खरे तर तेव्हापासूनचा आहे, पण तो रस्त्यावर पोहोचायला फार वेळ लागला.

अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ‘एसएई’ने, १९११ मध्ये तेलांसाठी पहिले प्रमाण तयार केले आणि १९२० च्या दशकात त्याला आजच्यासारखे आकडी रूप आले. हे आकडे श्यानतेचे, म्हणजे तेलाच्या वाहण्याला होणाऱ्या विरोधाचे, सोप्या मराठीत दाटपणाचे असतात. ठरावीक तापमानाला तेल जितके दाट, तितका आकडा मोठा. थंडीत इंजिन सुरू होताना तेल किती वाहते राहते हे दाखवण्यासाठी पुढे काही आकड्यांना ‘डब्ल्यू’ हे अक्षर जोडले गेले, आणि तापमानानुसार आकसणारे-पसरणारे लांब रेणू मिसळून एकाच तेलाला दोन्ही गुण देता येऊ लागले तेव्हा ‘२०डब्ल्यू-४०’ यांसारखे जोडआकडे आले. महाराष्ट्राच्या पठारावर आणि किनाऱ्यावर इंजिन गोठण्याइतकी थंडी कधीच पडत नसल्यामुळे येथील ट्रकवाल्यांना साधे ‘चाळीस नंबर’ तेल कित्येक दशके पुरले, आणि ते स्वस्तही होते. त्या निवडीला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हवामान आणि खिसा या दोहोंचा तो रास्त हिशोब होता. घोटाळा झाला तो वेगळ्याच ठिकाणी. आकडा दाटपणाचा असून तो दर्जाचा समजला गेला, आणि ‘चाळीस नंबर’ एवढेच सांगून मिळालेले कोणतेही तेल सारखेच, ही समजूत दुकानाच्या दोन्ही बाजूंना मुरली.

दर्जाचा प्रश्न डिझेलने उभा केला. अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीने १९३० च्या दशकाच्या प्रारंभी डिझेलवर चालणारे ट्रॅक्टर आणले, तेव्हा पेट्रोलच्या इंजिनात उत्तम चालणारे शुद्ध खनिज तेल त्यांत टिकेना. डिझेल जळताना काजळी अधिक होते, ती तेलातल्या करपलेल्या अंशाशी मिळून लाखेसारखा थर बनवते, आणि हा थर पिस्टनच्या खाचांत बसला की त्यांतल्या रिंगा चिकटतात. रिंग चिकटली की ती सिलिंडरची भिंत पुसू शकत नाही, वायू खाली निसटतो, तेल वर चढून जळते आणि इंजिन धूर ओकू लागते. यावर उपाय म्हणून तेलात साबणाशी रासायनिक नाते सांगणारी धातुयुक्त द्रव्ये मिसळण्यात आली, आणि १९३५ मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने ‘डेलो’ या नावाने असे तेल बाजारात आणले. या द्रव्यांना मार्जक म्हणतात. साबण जसा मळाचा कण वेढून पाण्यात तरंगत ठेवतो, तसे मार्जक काजळीचा कण वेढून तेलात तरंगत ठेवतात आणि त्याला धातूवर बसू देत नाहीत. नंतरच्या काळात त्यांच्या जोडीला काजळीचे पुंजके होऊ न देणारी विखुरक द्रव्ये आणि जस्त, गंधक व फॉस्फरस यांचे, धातूवर पातळ संरक्षक पापुद्रा धरणारे संयुग आले.

वंगणाच्या इतिहासात १९३५ चे हे वळण जितके मोठे आहे तितकेच ते दुर्लक्षित राहिले, कारण त्याने बोटाची आणि डोळ्याची पारख उलटी केली. मार्जक नसलेले साधे तेल इंजिनात बराच काळ सोनेरी राहते, पण ते स्वच्छ दिसते याचे कारण मळ त्यात नसून इंजिनाच्या अंगावर बसलेला असतो. उलट चांगले मार्जकयुक्त तेल डिझेल इंजिनात घातल्यावर थोड्याच किलोमीटरांत काळेभोर होते, आणि ते काळे होणे हेच ते काम करत असल्याचे लक्षण असते. पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ तेल म्हणजे चांगले तेल हे गाडीवानाला आणि घाण्यावरच्या गिऱ्हाइकाला ठाऊक होते, आणि ते त्यांच्या तेलापुरते खरेही होते. तेच शहाणपण ट्रकच्या मिस्त्रीने इंजिनाला लावले, तेव्हा महाग तेल ‘लवकर काळे पडते’ म्हणून नाकारले गेले आणि स्वस्त तेल ‘रंग टिकवते’ म्हणून नावाजले गेले. यात मिस्त्रीचा दोष शोधणे योग्य नाही. नियम बदलला होता आणि तो त्याच्या भाषेत त्याला कोणी सांगितला नव्हता. बदललेला नियम अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या, म्हणजे ‘एपीआय’च्या, १९४७ पासूनच्या वर्गीकरणात आणि पुढे पेट्रोलसाठी ‘एस’ व डिझेलसाठी ‘सी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या श्रेणींत लिहिला गेला, आणि या श्रेणींची अक्षरे डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक रोमन छापात येत राहिली.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात डिझेलचे युग झपाट्याने आले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने विहिरीविहिरींवर मोटेची जागा घेऊ लागली, आणि ग्रामीण मराठीत ‘ऑइल इंजिन’ किंवा नुसते ‘इंजिन’ म्हटले की हेच यंत्र डोळ्यांपुढे येऊ लागले. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. त्याच सुमारास मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा (१९५४) आणि बर्मा-शेलचा (१९५५) असे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तरी वंगणाचे मूळ तेल देशात मोठ्या प्रमाणावर बनवण्यासाठी वेगळी यंत्रणा लागत असल्यामुळे त्याची सोय तुर्भ्याला १९६९ मध्ये ‘ल्युब इंडिया’ या कंपनीच्या रूपाने झाली. मूळ तेल म्हणजे कोणतीही रासायनिक द्रव्ये न मिसळलेले, मेण आणि अस्थिर घटक काढून टाकलेले जड तेल; डब्यातल्या तेलाचा फार मोठा भाग हाच असतो आणि त्याचा भाव कच्च्या तेलाच्या भावाला बांधलेला असतो. १९७३ च्या अखेरीस आखाती तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून सुमारे १२ डॉलरवर गेला, तेव्हा त्याचा चटका पेट्रोलइतकाच वंगणालाही बसला. त्याच काळात परदेशी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन १९७४ मध्ये एस्सो आणि ल्युब इंडिया यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम, तर १९७६ मध्ये बर्मा-शेलमधून पुढे भारत पेट्रोलियम म्हणून ओळखली गेलेली कंपनी उभी राहिली, आणि इंडियन ऑइलने १९७२ मध्ये फरीदाबादला स्वतःचे संशोधन केंद्र काढले. त्यानंतर दोन दशके ट्रकवाल्याची निवड प्रामुख्याने सरकारी पंपावरच्या दोन-तीन नावांपुरती राहिली. विविधता कमी होती, पण भावावर अंकुश होता आणि पंपावरचा डबा बहुतांशी खरा होता.

या काळातील डिझेलविषयी एक गोष्ट तेलाच्या हिशोबात कधी मांडली गेली नाही. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी भारतीय डिझेलमध्ये वजनाने १ टक्क्यापर्यंत गंधक असे. गंधक जळून त्याची ऑक्साइडे बनतात, ती इंजिनातल्या ओलाव्याशी मिळून गंधकाम्ल तयार होते आणि ते सिलिंडरची भिंत व बेअरिंगे खाते. या आम्लाला निष्प्रभ करण्यासाठी तेलात अल्कधर्मी द्रव्य राखीव ठेवलेले असते आणि त्याच्या साठ्याचा आकडा तेलाच्या तांत्रिक पत्रकात दिलेला असतो. डिझेलमध्ये गंधक जितके अधिक, तितका हा साठा लवकर आटतो. म्हणजे ट्रकमालक ज्या स्वस्त डिझेलवर पैसे वाचवत होता, त्याच डिझेलमुळे त्याचे तेल लवकर निकामी होत होते, आणि स्वस्त तेलात तर हा साठा मुळातच थोडा असे. एक किंवा दोन ट्रकांचा मालक स्वतःच चालक असे; वर्षा-दोन वर्षांनी इंजिन उघडून रिंगा आणि लायनर बदलणे त्याने नशिबाचा भाग मानले होते, आणि त्या उघडण्याच्या खर्चात तेलाचा वाटा किती होता हे त्याला दाखवून देणारे कोणी नव्हते. हिशोब मात्र कठीण नव्हता. समजा, ३०० रुपये लिटरचे तेल दहा हजार किलोमीटर चालते आणि ४२० रुपये लिटरचे वीस हजार, तर बारा लिटरच्या इंजिनाला पहिल्या तेलाचा किलोमीटरमागचा खर्च ३६ पैसे आणि दुसऱ्याचा सुमारे २५ पैसे पडतो. त्यात मध्ये घालावे लागणारे वाढीव तेल आणि तेलबदलासाठी उभ्या राहिलेल्या ट्रकचा बुडालेला रोज मिळवला तर तफावत आणखी वाढते. अट एकच : दुसरे तेल खरोखरच वीस हजार किलोमीटर टिकणारे असावे, आणि डब्यात तेच असावे.

दुचाकीची कथा वेगळ्या वाटेने गेली. बजाजच्या स्कूटरी, जावा आणि राजदूत यांसारख्या मोटारसायकली, तसेच रिक्षा यांची इंजिने बहुतांशी टू-स्ट्रोक, म्हणजे दोन टप्प्यांत चक्र पूर्ण करणारी होती आणि त्यांत वंगण पेट्रोलमध्येच मिसळून जळत असे; एका अर्थाने जुन्या हातपंपाची वाया जाणारी पद्धतच नव्या रूपात परत आली होती. पंपावरचा माणूस छोट्या मापाने टाकीत ‘टू-टी’ तेल ओती आणि स्कूटरवाला गाडी डाव्या-उजव्या कुशीवर हलवून ते मिसळून घेई, हे दृश्य तीन दशके नित्याचे होते. येथेही जुने शहाणपण आड आले. तेल जास्त घातले म्हणजे इंजिन जास्त टिकते, या समजुतीने रिक्षावाले शिफारशीपेक्षा कितीतरी अधिक, आणि तेही सुटे, साधे तेल घालत. ते पूर्ण न जळता निळ्या धुरावाटे बाहेर पडे आणि चौकात दिवसभर उभ्या असलेल्या पोलिसाच्या, फेरीवाल्याच्या आणि खुद्द रिक्षावाल्याच्या छातीत जाई. स्वस्त तेलाची किंमत कोणी तरी वेगळाच मोजतो, हे सत्य इतक्या उघडपणे दुसऱ्या कोठेही दिसले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीपुरता आदेश देऊन त्या वर्षअखेरपर्यंत सुटे टू-टी तेल विकण्यास बंदी केली आणि पंपावर यंत्राने मोजून मिसळलेले पेट्रोलच देण्यास सांगितले.

तोपर्यंत काळ बदलत होता. १९८५ मध्ये हीरो होंडाची शंभर सीसीची चार-टप्पी मोटारसायकल बाजारात आली आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या गाड्यांनी थोड्या पेट्रोलात लांब पळण्याचा नवा मापदंड घालून दिला. या इंजिनात तेल एक लिटरभर किंवा त्याहूनही कमी असते आणि त्या एवढ्याशा तेलाला तीन कामे करावी लागतात : इंजिनाला वंगण द्यायचे, त्याच पेटीतल्या गिअरच्या दात्यांखाली चिरडून निघायचे आणि तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांना पकड द्यायची. जुन्या बुलेटमध्ये गिअरची पेटी वेगळी असल्याने तिचे वंगणही वेगळे असे. नव्या गाड्यांत ही विभागणी संपली. गिअरचे दाते जोडआकड्याच्या तेलातील लांब रेणू तोडतात आणि दाटपणा घटतो, म्हणून या तेलाला चिवट रेणू लागतात. दुसरी अडचण अधिक बारकाव्याची आहे. १९९० च्या दशकात मोटारींच्या तेलात इंधन वाचावे म्हणून घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये मिसळू लागली. तीच द्रव्ये मोटारसायकलच्या क्लचवर गेली की चकत्या घसरतात, गाडी चढावर नुसती गुरगुरते आणि ओढत नाही. यावर जपानी मोटार-प्रमाण संस्थेने, म्हणजे ‘जासो’ने, त्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींच्या तेलासाठी वेगळे प्रमाण केले आणि ओल्या क्लचला योग्य तेलाला ‘एमए’ हे चिन्ह दिले. आजही मोटारसायकलीसाठी परवडणारे तेल निवडताना भावाच्या आधी पाहायची गोष्ट हीच आहे : गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा आणि ‘एमए’ ही दोन अक्षरे जुळत असतील, तर अनोळखी नावाचे पण खरे तेल नामांकित कंपनीच्या, मोटारीसाठीच्या महाग तेलापेक्षा त्या गाडीला अधिक मानवते.

१९९२-९३ मध्ये मूळ तेलाची आयात आणि वंगणाचा धंदा खासगी कंपन्यांना मोकळा झाला. थोड्याच वर्षांत देशी-परदेशी नावांची गर्दी झाली आणि पुण्याच्या नाना पेठेत किंवा कळंबोलीच्या ट्रकतळाभोवतीच्या दुकानांत एकाच फळीवर डझनभर डबे दिसू लागले. निवड वाढली तशी फसवणुकीची जागाही वाढली. भेसळीला आळा घालण्यासाठी केंद्राने १९८७ मध्येच वंगण तेले आणि ग्रीस यांची प्रक्रिया, पुरवठा व वितरण नियंत्रित करणारा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढला होता. तरीही नामांकित कंपनीचा रिकामा डबा भंगारवाल्याकडून विकत घेऊन त्यात गाळलेले जुने तेल भरण्याचा उद्योग चालत राहिला, म्हणूनच रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच तो टाकावा असे जाणकार मिस्त्री सांगतात. ज्या काळ्या तेलातून हा उद्योग चालतो ते मुळात टाकाऊ नसते. तेलबदलानंतर निघालेले तेल सेंटरिंगच्या फळ्यांना फासले जाते, भट्ट्यांत जाळले जाते, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला चोपडले जाते. पण त्यातील मूळ तेलाचे रेणू बहुतांशी शाबूत असतात, संपलेली असतात ती मिसळलेली द्रव्ये. निर्वात ऊर्ध्वपातनाने ते पुन्हा शुद्ध करून त्यात नवी द्रव्ये घातली तर होणारे तेल प्रामाणिक आणि स्वस्त असू शकते. नुसते गाळून रंग उजळलेले तेल मात्र स्वस्त असूनही घातक असते, कारण त्यात आम्ल आणि धातूचे कण तसेच राहतात. ही दोन्ही तेले डोळ्याला सारखी दिसतात. वापरलेल्या तेलाला घातक कचरा मानणारे नियम १९८९ पासून आहेत आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर टाकली गेली आहे. ही व्यवस्था नेटाने राबवली गेली तर परवडणाऱ्या तेलाचा एक सच्चा झरा देशातच आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची प्रदूषण-मानके सगळ्या नव्या वाहनांना लागू झाली आणि डिझेलमधील गंधक दहा लाखांत दहा भाग, म्हणजे १९९० च्या हजारांश भागावर आले. आम्लाची चिंता कमी झाली, पण नवी उभी राहिली : नव्या ट्रकांच्या धुराड्यात काजळी अडवणारी बारीक जाळी असते आणि तेलातील धातुयुक्त द्रव्ये जळून होणारी राख तिच्यात कायमची अडकते. ज्या मार्जकांनी १९३५ मध्ये डिझेल इंजिन वाचवले, त्यांचेच प्रमाण आता जाळीला जपण्यासाठी आवरावे लागते. ‘सीके-४’ यांसारख्या श्रेणींत राखेला १ टक्क्याची मर्यादा आहे ती याकरिता. जुन्या ट्रकाला ‘सीआय-४’ श्रेणीचे तेल पुरेसे असते आणि स्वस्तही पडते. तेच तेल नव्या ट्रकात घालून वाचवलेले पैसे जाळी बदलताना अनेक पटींनी द्यावे लागतात. एकाच मालकाच्या अंगणात जुना आणि नवा असे दोन ट्रक उभे असतील, तर एकच पिंप आणून दोन्हीकडे वापरण्याची जुनी सोय उरलेली नाही.

बोट आणि कान यांना या सगळ्यात काही करता येत नाही, तरी एक साधी कसोटी अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. मोठ्या वाहतूक संस्थांच्या कार्यशाळांत ती पूर्वीपासून वापरली जाते, आणि तिला टीपकागदाचा एक तुकडा व इंजिन गरम असताना मोजपट्टीवरून सोडलेला तेलाचा एक थेंब एवढेच लागते. कागद आडवा, कसल्यातरी दोन टेकूंवर, रात्रभर ठेवला की थेंब पसरून त्याची वर्तुळे होतात. काजळी मध्यापासून कडेपर्यंत सारख्या करड्या रंगाने पसरलेली असेल, तर तेल कितीही काळे असले तरी त्यातली विखुरक द्रव्ये जिवंत आहेत आणि ते आणखी चालेल. मध्ये डांबरासारखा काळा ठिपका, त्याला रेखीव कड आणि बाहेर जवळजवळ पांढरे वर्तुळ असे दिसले, तर काजळी धरून ठेवण्याची ताकद संपली आहे आणि तेल काढलेच पाहिजे. कड दातेरी झाली असेल, तर कोठून तरी पाणी शिरते आहे. डब्यात भरलेले तेल खरे की खोटे हे विकत घेण्याआधी हा कागद सांगू शकत नाही, पण दोन-तीन हजार किलोमीटरांनंतर काढलेले दोन दुकानांच्या तेलांचे दोन ठिपके, खाली तारीख आणि किलोमीटर लिहून, शेजारी शेजारी ठेवले की पुढच्या खेपेला कोणत्या दुकानात जायचे ते मिस्त्रीला आणि मालकाला दोघांनाही दिसते.